प्रोस्टेटचा रुग्ण आधी फॅमिली डॉक्टरकडे

साठीच्या आसपास लघवीची धार बारीक होऊ लागली, रात्री तीन-तीनदा उठावे लागले, तरी आपल्याकडचा पुरुष वर्ष-दोन वर्षे ‘वय झालं, चालायचंच’ म्हणत गप्प बसतो. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून परस्पर सोनोग्राफी करून घेतो. रिपोर्टवर ‘प्रोस्टेटोमेगाली, ग्रेड २’ असे दिसले की घर हादरते आणि मुलगा थेट शहरातल्या युरोसर्जनची वेळ घेतो. या सगळ्यात फॅमिली डॉक्टर कुठेच नसतो. माझे म्हणणे असे, की वाढलेल्या प्रोस्टेटवरचे पहिले आणि बहुतेकांच्या बाबतीत सर्वांत दीर्घ चालणारे उपचार त्याच्याकडेच व्हायला हवेत. पैसे वाचतात किंवा तज्ज्ञांची गर्दी कमी होते, ही त्याची दुय्यम कारणे. मुख्य कारण या विकाराच्या स्वभावातच आहे.

प्रोस्टेट किती वाढली यावर त्रास किती होणार हे ठरत नाही. बरीच मोठी ग्रंथी असलेला माणूस रात्रभर शांत झोपतो आणि किंचितच वाढ झालेल्याला दर तासाला उठावे लागते. म्हणूनच जगभर या विकाराचे मोजमाप आधी प्रश्नांनी केले जाते. लघवी पूर्ण होते का, घाई होते का, धार तुटते का, जोर द्यावा लागतो का, असे सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. बेरीज सातपर्यंत असेल तर त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, त्यापुढे तीव्र. याशिवाय एक वेगळा प्रश्न असतो: उरलेले आयुष्य असेच काढावे लागले तर कसे वाटेल? उपचार सुरू करायचे की नाही, हे ठरवायला या उत्तराचा फार उपयोग होतो. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. मध्यम त्रास असलेल्या ५५६ पुरुषांपैकी साधारण निम्म्यांवर शस्त्रक्रिया ठरवली, बाकीच्यांवर नुसते लक्ष ठेवले. शस्त्रक्रियेचा गट लक्षणांच्या बाबतीत सरस ठरला, हे खरे. पण लक्ष ठेवलेल्यांपैकी तीन वर्षांत २४ टक्के लोकांवरच शस्त्रक्रिया झाली आणि तिचा सर्वाधिक लाभ झाला तो ज्यांना मुळात त्रास जास्त जाचत होता त्यांना. कुणाला किती जाचते आहे, हे त्या माणसाला वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या डॉक्टरला लवकर कळते.

दुसरी गोष्ट रुग्णाच्या इतर औषधांची. सर्दीसाठी दुकानातून आणलेल्या गोळीत बहुधा नाक मोकळे करणारे आणि गुंगी आणणारे असे दोन घटक असतात. पहिला मूत्राशयाचे तोंड आवळतो, दुसरा मूत्राशयाचे आकुंचन मंदावतो. प्रोस्टेट आधीच वाढलेली असेल तर एवढ्यावर लघवी पूर्ण तुंबून कॅथेटर घालायची वेळ येऊ शकते. झोपेसाठी किंवा पायांच्या जळजळीसाठी दिलेल्या अ‍ॅमिट्रिप्टिलिननेही तेच होते. रक्तदाबासाठीची लघवीची गोळी संध्याकाळी घेतली जात असेल, साखर वाढलेली असेल, झोपताना कपभर चहा असेल, तर रात्रीच्या खेपांचा दोष एकट्या प्रोस्टेटवर टाकता येत नाही. उलट दिशेनेही धोका आहे. प्रोस्टेटसाठी सर्रास दिले जाणारे टॅमसुलोसिन घेणाऱ्यांचा बुबुळाचा रंगीत पडदा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत लुळा पडू शकतो, बाहुली आकसू शकते. हे २००५ साली प्रथम लक्षात आले. गोळी थोडे दिवस थांबवून हा धोका जातोच असे नाही. पण नेत्रशल्यविशारदाला आधी कल्पना असेल तर तो तयारीने उतरतो. मोतीबिंदूच्या शिबिराला जाणारे आणि प्रोस्टेटची गोळी घेणारे आजोबा बऱ्याचदा एकच असतात. त्यांच्या दोन्ही फायली ज्याला ठाऊक असतात, तो फॅमिली डॉक्टरच.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप कर्करोगाचा: घरचा डॉक्टर गोळ्या देत बसेल आणि कर्करोग निसटेल. ही भीती रास्त आहे. पण वाढलेली प्रोस्टेट पुढे कर्करोगात बदलत नाही; दोन्ही एकाच वयात, एकाच ग्रंथीत आढळतात, म्हणून तपासणी हवी. बोटाने गुदमार्गातून केलेली तपासणी संकोचापोटी टाळणाऱ्या डॉक्टरने हे उपचार हाती घेऊ नयेत. पीएसए या रक्तचाचणीचा आकडाही औषधांसह वाचावा लागतो. प्रोस्टेटसाठीच दिले जाणारे फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर तो जवळपास निम्म्यावर येतो. रिपोर्टवर २.४ छापलेले पाहून रुग्णाला हायसे वाटते; प्रत्यक्षात तो ४.८ धरायचा असतो. गोळी कधीपासून चालू आहे हे माहीत नसलेला तज्ज्ञही इथे फसू शकतो. लघवीतून रक्त, वारंवार जंतुसंसर्ग, मूत्राशयात खडा, वाढलेले क्रिएटिनिन, बोटाला लागणारी कठीण गाठ किंवा तुंबलेली लघवी, यांपैकी काहीही आढळले तर युरोसर्जनकडे पाठवण्यात दिरंगाई नको.

दुसरा आक्षेप डॉक्टरच्या पार्श्वभूमीचा. महाराष्ट्रात फॅमिली डॉक्टर एमबीबीएस असतो, तसा बीएएमएस किंवा बीएचएमएसही असतो. औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथना आधुनिक औषधे देण्याची मुभा राज्याने २०१४ साली कायदा बदलून दिली, त्यावर अजून वाद चालू आहे. मी या प्रश्नावर सवलत मागणार नाही. वर सांगितलेले ज्याला येत नाही, त्याने पाटीवर कोणतीही पदवी असली तरी टॅमसुलोसिन लिहू नये. पण डॉक्टर अपुरा शिकलेला असेल तर त्याला शिकवले पाहिजे. रुग्णाला त्याच्यापासून तोडून भागणार नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेच फॅमिली मेडिसिनच्या एमडीला चालना देण्याचे म्हटले होते, तरी देशात या जागा थोड्याच आहेत. रुग्णाला तोडून न भागण्याचे कारण उपचारांच्या लांब पल्ल्यात आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, तीन हजारांहून अधिक पुरुषांच्या चाचणीत दोन प्रकारची औषधे एकत्र दिल्याने विकार बळावण्याचा धोका ६६ टक्क्यांनी घटला, पण सरासरी साडेचार वर्षे पाठपुरावा झाला होता. इतकी वर्षे रक्तदाब, चक्कर आणि गोळ्यांचा नियमितपणा पाहत राहायला शेजारच्या गल्लीतला दवाखाना लागतो.

वेळ कुठे आहे, असे डॉक्टर विचारतील. सात प्रश्नांचा मराठी कागद रुग्ण बाहेर बाकावर बसूनही भरू शकतो. तपासणी आणि औषधांची यादी नीट पाहायला मात्र पंधरा मिनिटे लागतातच. त्यांचे वेगळे शुल्क डॉक्टरने मोकळेपणाने सांगावे आणि सोनोग्राफीसाठी पैसे देणाऱ्या घराने तेही द्यावे.