चोरी नको, पण कुळवहिवाटही नको

अस्तेय हे आपल्या परंपरेने पाच यमांत गणलेले व्रत. मुलाने शाळेतून दुसऱ्याची पेन्सिल आणली तर ती परत करायला लावणारा आपला सुशिक्षित मध्यमवर्ग संगणकापुढे बसला की हे व्रत सोयीस्करपणे विसरतो. ‘परकीय कंपन्यांनी आपल्याला थोडे का लुटले?’ हा त्याचा ठरलेला युक्तिवाद. पण चोरीची प्रत बंगळुरूच्या टॅलीचीही असते आणि पुण्यात घडलेल्या श्रीलिपीचीही. तेथे कोणता परकीय नागवला जातो? स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ६३ब नुसार धंद्यासाठी जाणूनबुजून अनधिकृत प्रत वापरणाऱ्यास सात दिवस ते तीन वर्षे कारावास व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

यावर ‘भाड्याने घ्या’ असा उपाय सुचवला जातो. तो त्याज्य नव्हे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरील चौकसारख्या गावात डीटीपीचे दुकान थाटणाऱ्या तरुणाला एकरकमी किंमत झेपत नाही, महिन्याचे भाडे झेपते. चोरीच्या प्रतीसोबत येणारे विषाणूही टळतात.

परंतु भाडे हा पर्याय असावा, सक्ती नव्हे. ॲडोबीने २०१३ मध्ये आपल्या प्रमुख प्रणालींच्या नव्या आवृत्त्या केवळ भाड्याने देण्याचे जाहीर केले आणि ऑटोडेस्कने २०१६ मध्ये नवे कायमस्वरूपी परवाने देणे थांबवले. आता हप्ता चुकला की प्रणाली बंद. आपण केलेले काम आपल्यालाच उघडता येईल याचीही शाश्वती नाही. खंड भरत राहायचे, मालकी मात्र कधीच नाही, ही व्यवस्था रायगडाने पूर्वी भोगली आहे. खोतीविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ जमिनी कसणेच थांबवले होते. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. ती आता संगणकातून परत आणायची काय?

हा खोत सातासमुद्रापार बसला आहे, हे अधिक गंभीर. युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये निर्बंध लादताच मायक्रोसॉफ्टने मुंबईस्थित नायरा एनर्जीच्या सेवा स्थगित केल्या. या सेवांचे पैसे पूर्ण भरलेले होते, असे कंपनीने सांगितले. तिने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतल्यावर काही दिवसांत त्या पूर्ववत झाल्या. निर्बंध ना भारताचे, ना संयुक्त राष्ट्रांचे. तरी भारतात चालणाऱ्या तेलशुद्धीकरण उद्योगाचे टपाल थांबले! जे एवढ्या मोठ्या उद्योगाचे झाले, ते आपल्या पतपेढीचे वा शाळेचे होणार नाही कशावरून?

म्हणून क्रम स्पष्ट असावा. लिब्रेऑफिससारखी मुक्त प्रणाली पुरेशी असेल तेथे तीच वापरावी. तिला ना चोरी लागते, ना भाडे. भाड्याने घ्यायचेच तर आधी चेन्नईच्या झोहोसारखा स्वदेशी पर्याय पाहावा. परकीय प्रणाली अपरिहार्य असेल तर रीतसर पैसे भरावेत आणि कामाची प्रत आपल्या ताब्यात ठेवावी. प्रत्येक कार्यकर्त्याने याचा प्रारंभ आपल्या घरच्या संगणकापासून करावा. चोरीच्या प्रतीवर टंकलेले स्वदेशीचे पत्रक कोणाला पटणार?