सरकारचा कबुलीजबाब कुठाय?

ऑपेरा म्हटलं की आपली पोरं नाक मुरडतात. गोऱ्या शेठजींचं गाणं, आपल्याला काय त्याचं? पण ‘डेड मॅन वॉकिंग’ ऐकलाच पाहिजे, आणि ऐकून त्याच्याशी भांडलंही पाहिजे. संगीत जेक हेगीचं, शब्द टेरेन्स मॅकनॅलीचे, पहिला प्रयोग सॅन फ्रान्सिस्कोत, २००० साली. मूळ पुस्तक हेलन प्रीजाँ या ननचं. लुइझियानात मृत्युदंड झालेल्या कैद्यांना तिने शेवटपर्यंत सोबत केली. पहिल्याला १९८४ साली विजेच्या खुर्चीत मारलं.

सुरुवातीलाच तळ्याकाठी एका पोरीवर बलात्कार होतो, तिचा आणि तिच्या दोस्ताचा खून होतो. खुनी आपल्या डोळ्यांदेखत, जोसेफ डी रोशे. ‘बिचारा निर्दोष’ म्हणून रडायची सोयच नाही. हे मला पटतं. निर्दोषाला सोडा म्हणायला छाती लागत नाही. खुन्यालाही सरकारने मारू नये म्हणायला लागते.

मग अख्खा ऑपेरा एकाच गोष्टीमागे धावतो : जोसेफने कबूल करावं. नन म्हणते, खरं बोल. आई त्याच्या तोंडून ते ऐकूनच घेत नाही. शेवटी तो कबूल करतो, मेलेल्या पोरांच्या आईबापांची माफी मागतो. मग नसांत विष. वाद्यं सगळी गप्प, फक्त यंत्रांचा आवाज.

माझं भांडण इथे आहे. पापाचा सगळा हिशेब एकट्या जोसेफकडे. ज्यांनी पट्टे आवळले, सुई टोचली, कागदावर सही ठोकली, त्यांचा कबुलीजबाब कोण घेणार? गोदीत दहा जणांनी पेटी उचलली की प्रत्येकाच्या खांद्याला आपला वाटा कळतो. सरकारी खुनात वजन असं वाटतात की कुणाच्याच खांद्यावर काही उरत नाही. साला, मारलं कोणी मग?

आणि ही कथा जिथली, तो अँगोला तुरुंग गुलामांच्या मळ्याच्या जमिनीवर उभा आहे. नावही आफ्रिकेतल्या अंगोलावरून. ऑपेरातला जोसेफ मात्र गोरा. १९८७ साली मॅक्लेस्की खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे जॉर्जिया राज्याचा अभ्यास ठेवला होता : मेलेला गोरा असेल तर मृत्युदंडाची शक्यता ४.३ पट. कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो बाजूला सारला. मार्च २०२५ मध्ये लुइझियानाने पंधरा वर्षांनी पुन्हा एक माणूस मारला, नायट्रोजन वायूने. तो काळा होता.

आता घरचं बोलू. २००६ साली खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना ठेचून मारलं. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी सुनावली, २०१० साली हायकोर्टाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. फाशी मागणाऱ्या आपल्या माणसांचा राग शंभर टक्के खरा. पण दोन्ही कोर्टांनी त्या खुनांत जात बघितलीच नाही. सहा गळे मोजत बसलं की जात मोकळी सुटते.

दोर नेहमी कुणाचा गळा शोधतो? नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या एका खटल्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना सुप्रीम कोर्टाने २००९ साली फाशीच दिली, आणि त्याच कोर्टाने २०१९ साली सहाही निर्दोष सोडले. सोळा वर्षं गेली. बाबासाहेबांनी ३ जून १९४९ ला घटना समितीत सांगितलंच होतं की फाशीच रद्द केलेली बरी. आपण जयंतीला नाचतो, हे वाचत नाही.

म्हणून आपल्यातल्या कुणीतरी पुढचा ऑपेरा लिहा. शेवटच्या टेबलाभोवती जज्ज, गव्हर्नर, जेलर उभे. यंत्राचा आवाज थांबतो. नन त्यांच्याकडे वळते आणि म्हणते, ‘त्याने कबूल केलं. आता तुम्ही बोला.’