दोन मिनिटांचा झोका, अडीच तासांची रांग

(बी. ए. द्वितीय वर्ष)

‘थांबला तो संपला’ हे वाक्य आमच्या शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते. ‘अति घाई संकटात नेई’ हे वाक्य घाटाच्या वळणावर वाचायला मिळते. या दोन पाट्यांमध्ये सापडलेल्या माणसाने नेमके काय करावे, हा प्रश्न मला गेल्या वर्षीच्या सहलीपर्यंत कधी पडला नव्हता. सहलीत मात्र तो अडीच तास पायांना जाणवत राहिला.

मित्रमैत्रिणींनो, आपली सहल एका मोठ्या मनोरंजन उद्यानात गेली होती. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. रीत सगळीकडे साधारण एकच असते. रात्रभर प्रवास करून सकाळी आम्ही फाटकाशी उतरलो. आत शिरताच सगळ्यांचे पाय एकाच दिशेला वळले. ज्याची जाहिरात सर्वांनी पाहिलेली होती, त्या उंच रुळांवरून उलटीपालटी होत धावणाऱ्या गाडीकडे. रांगेच्या तोंडाशी पाटी होती : ‘येथून ९० मिनिटे’. आम्ही घड्याळाकडे पाहिले, एकमेकींकडे पाहिले आणि उभ्या राहिलो. गाडीत बसलो तेव्हा अडीच तास होत आले होते. गाडी दोन मिनिटांत परत आली. त्या दोन मिनिटांतला बराच वेळ माझे डोळे मिटलेलेच होते, हेही प्रामाणिकपणे सांगून टाकते.

प्रश्न असा की, हे थांबणे सार्थकी लागते का?

‘हौसेला मोल नाही’ असे म्हणून हा प्रश्न उडवून लावता येईल. पण हौसेला मोल नसले तरी तिकिटाला असते. माझ्या एका मैत्रिणीने या सहलीसाठी दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचून पैसे साठवले होते. दिवसभरात तिला तीन खेळ मिळाले. परतीच्या वाटेवर कोणीतरी विचारले, “पैसे वसूल झाले का गं?” ती बोटे मोजत म्हणाली, “सात मिनिटं पाळण्यात बसले बघ मी दिवसभरात. कापूस येचायला गेलं तर किलोवर पैसे भेटतात, इथं मिनिटावर गेले.” सगळ्या हसल्या. तीही हसली. पण माझ्या मनातून ते वाक्य जाईना.

वास्तविक पाहता पाळण्यासाठी थांबणे आपल्याला नवे नाही. परभणीला सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दरवर्षी २ फेब्रुवारीला सुरू होतो. जिल्ह्यातल्या खेड्याखेड्यांतून हिंदू-मुसलमान सगळेच तिथे लोटतात, हे आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. लहानपणी दादांच्या खांद्यावरून मी प्रथम तिथलाच रहाटपाळणा पाहिला. तिथली तऱ्हा वेगळी. पाळणेवाला एक पाळणा भरतो, चाक थोडे फिरवतो, दुसरा भरतो, पुन्हा फिरवतो. म्हणजे वाट पाहायची ती जमिनीवर नव्हे, हवेत! आपला पाळणा टोकाला जाऊन थांबला की खाली मिठाईची दुकाने, बांगड्यांचे ढीग, ‘मौत का कुआँ’च्या फटफटीचा आवाज, दूरवर परभणीचे दिवे. चाक पुरते फिरू लागण्याआधीच निम्मा आनंद पदरात पडलेला असे.

ही युक्ती काही उरुसातल्या पाळणेवाल्याचीच नव्हे. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस नावाच्या अभियंत्याने २६४ फूट उंचीचे चाक उभे केले. त्याला ३६ डबे होते आणि प्रत्येकात ६० माणसे मावत, म्हणजे एकदम २,१६० माणसे. तिकीट पन्नास सेंट, फेरे दोन. पहिला फेरा थांबत थांबत, माणसे चढवीत-उतरवीत, दुसरा सलग. दोन्ही मिळून वीसेक मिनिटे. तिथेही थांबण्याचा काही भाग वरून शहर पाहण्यातच जाई.

पुढे काळ बदलला. १७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेत डिस्नेलँड उघडले आणि जत्रेतले पाळणे एका कुंपणाच्या आत कायमचे वस्तीला आले. आपल्याकडे १९८९ मध्ये गोराईच्या खाडीपलीकडे एस्सेलवर्ल्ड झाले, १९९८ मध्ये त्याच्या शेजारी वॉटर किंगडम आणि २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका. पाळणे उंच झाले, वेग वाढला आणि त्याबरोबर रांगाही वाढल्या. याचे कारण सोपे आहे. वेगाची गाडी दोन मिनिटांत जाऊन येते खरी, पण प्रत्येकाला पट्टा बांधणे, तो ओढून पाहणे, उतरवणे यात वेळ जातो. आणि सुरक्षिततेसाठी तो गेलाच पाहिजे. त्या वेळेबद्दल तक्रार करणे म्हणजे स्वतःच्याच जिवाबद्दल तक्रार करणे होय.

रांगेचेही शास्त्र आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी १९०९ मध्ये त्याचा पाया घातला. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी एक साधा नियम सिद्ध केला. त्याचा व्यवहारातला अर्थ असा : रांगेत किती माणसे आहेत आणि तासाला किती आत जातात, एवढे कळले की किती थांबावे लागेल ते कळते. हे गणित मी त्या रांगेत उभ्या उभ्या करून पाहिले. करायला दुसरे काही नव्हतेच. गाडीत २४ आसने होती. दर तीन मिनिटांनी एक गाडी सुटे, म्हणजे तासाला २० गाड्या आणि ४८० माणसे. आमच्या पुढे अदमासे ८०० माणसे असावीत. भागाकार केला तर एक तास चाळीस मिनिटे येतात. पाटीवरचे नव्वद मिनिटांचे वचन फारसे खोटे नव्हते. मग आम्हाला अडीच तास का लागले?

कारण बाजूला दुसरी एक आखूड रांग होती. जादा पैसे भरून वेगळे तिकीट घेतलेले लोक तिच्यातून येत आणि सरळ गाडीत बसत. मी मोजले : चोवीसपैकी आठ आसने साधारणपणे त्यांना जात. उरली सोळा. तासाला ४८० ऐवजी ३२०. आता पुन्हा भागाकार करा, बरोबर अडीच तास!

या गणिताने माझे डोळे उघडले. जादा पैसे घेणारा मालक वेळ निर्माण करीत नाही. गाडी तीच, आसने तितकीच. तो एकाची पन्नास मिनिटे काढून दुसऱ्याला विकतो, आणि ज्याची काढली त्याला विचारीतही नाही. ज्या मैत्रिणीने वेचणीच्या पैशांतून तिकीट काढले, तिच्या दिवसातली पन्नास मिनिटे कोणीतरी विकली आणि ती विकली गेल्याचे तिला कळलेही नाही. अमेरिकेतल्या डिस्नेच्या उद्यानांनी १९९९ मध्ये अशी एक सोय काढली होती, पण ती सर्वांना फुकट होती. चिठ्ठी घ्यायची आणि ठरल्या वेळी परत यायचे. २०२१ मध्ये तिच्या जागी पैसे मोजून घ्यायची सोय आली. म्हणजे ही हवा जगभराचीच आहे. देवस्थानेही तिच्यापासून दूर राहिलेली नाहीत. तिरुपतीला तीनशे रुपयांचे विशेष दर्शन आहेच.

यावर माझ्या वर्गातला एक मित्र म्हणाला, “एस.टी.पेक्षा रेल्वेच्या वातानुकूलित डब्याला जास्त पैसे पडतात, मग इथेच काय बिघडले?” बिघडले हे की वातानुकूलित डब्यातला प्रवासी बसला म्हणून साधा डबा उशिरा पोहोचत नाही. इथे तो पोहोचतो. सुख विकायला माझी हरकत नाही. दुसऱ्याची पाळी विकायला आहे.

आता दुसरी बाजू. थांबणे हे नेहमीच नुकसान असते का? माझी आजी गंगाखेडची, जनाबाईच्या गावची. तिच्याबरोबर मी एकदा आषाढीला पंढरपूरला गेले होते. दर्शनबारी गोपाळपूरकडे गेलेली. आम्ही संध्याकाळी रांगेत शिरलो आणि विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकले तेव्हा दुसरा दिवस उजाडून गेला होता. पायांवर डोके किती वेळ होते? पापणी लवेपर्यंत. हिशेबाने पाहिले तर उद्यानातल्या गाडीपेक्षा हा सौदा कितीतरी तोट्याचा! पण रांगेत कोणी भाकरी सोडली की ती पुढच्या-मागच्या चौघांत वाटली जाई, कोणी अभंग धरला की मागचे टाळ्या धरीत. मी कंटाळून तोंड वाकडे केले तेव्हा आजी म्हणाली, “अगं, रांगेत उभं राहिलं की पांडुरंग दिसाय लागतो. गाभाऱ्यात निस्ती गाठ पडती.” आणि ज्याच्यासाठी आपण ताटकळतो तो देवही पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर, त्याची आईबापांची सेवा होईपर्यंत, थांबलेलाच आहे. अठ्ठावीस युगांपुढे आपली एक रात्र ती काय!

परंतु या गोष्टीवरून ‘थांबण्यातच खरा आनंद’ असा गोड निष्कर्ष काढायला मी तयार नाही. त्याच रांगेत एक म्हातारी भोवळ येऊन खाली बसलेली मी पाहिली. लघवीला जाता येत नाही म्हणून पाणी न पिणाऱ्या बाया पाहिल्या. थांबण्याचे गोडवे गाणे व्यवस्था करणाऱ्यांना नेहमीच सोयीचे असते. आणि उन्हाळ्यात टँकरपुढे घागरींची रांग लागते तेव्हा तिथे कोणी अभंग म्हणत नाही. ती रांग आपण निवडलेली नसते. ज्याने टँकरपुढे घागर धरली आहे, त्याला धीराचे महत्त्व शिकवायला जाऊ नये.

म्हणून माझे मत असे की, प्रश्न मिनिटांचा नाही; रांग कशी आहे, याचा आहे. डेव्हिड मेस्टर नावाच्या अभ्यासकाने १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिले. हाताला-मनाला काम असले की वेळ लवकर जातो. किती थांबायचे ते ठाऊक नसले की तोच वेळ लांबतो. आणि अन्याय होतो आहे असे वाटले की तो असह्य होतो, असे त्याने सांगितले. हे तिन्ही अनुभव मी एका दिवसात घेतले. पहिला तासभर आम्ही भेंड्या खेळलो, तो कसा गेला कळले नाही. नव्वद मिनिटे उलटून गेल्यावर प्रत्येक मिनिट मोठे होऊ लागले. आणि बाजूच्या रांगेतली आमच्याच वयाची मुले दुसऱ्यांदा गाडीत बसताना दिसली, तेव्हा भेंड्या आपोआप बंद पडल्या.

तेव्हा उद्यानवाल्यांकडे मागणे मोठे नाही. पाटीवर खरा वेळ लिहावा. रांगेवर सावली, वाटेत पाणी आणि बसायला बाक असावा. मध्येच बाहेर जाऊन परत येता यावे. म्हातारी माणसे, गरोदर बाई, अपंग यांना अवश्य पुढे घ्यावे; आम्ही आनंदाने मागे सरकू. गरजेला वाट द्यावी, पैशाला देऊ नये.

आणि मागणे आपल्याकडेही आहे. सहल सुट्टीच्या दिवशी न नेता आडवारी न्यावी. आत शिरताच सगळ्यांनी एकाच नावाजलेल्या खेळाकडे धावू नये. त्या दिवशी रांग नसलेले कितीतरी झोके रिकामे फिरत होते आणि आम्ही त्यांच्याकडे पाहिलेही नाही, कारण त्यांची जाहिरात आम्ही पाहिली नव्हती. त्या गाडीत बसण्याची हौस आम्हाला खरोखरच होती, की ‘बसून आलो’ असे सांगण्याची? मी स्वतःपुरते उत्तर देते : दुसरी. फोटो रांगेतले चाळीस आहेत, गाडीतला एकही नाही.

तर, सार्थकी लागते का? पहिल्यांदा, सोबतीण चांगली असताना आणि सर्वांची पाळी सारखी असताना तासभर थांबायला माझी ना नाही. त्यापुढे मी रांग सोडीन. आणि जिथे माझी पाळी विकली जाते तिथे पाच मिनिटेही उभी राहणार नाही.

यंदा फेब्रुवारीत आम्ही दोघी परभणीच्या उरुसाला गेलो. रहाटपाळण्यात बसलो. आमचा पाळणा टोकाला जाऊन थांबला. खाली एक कुटुंब लेकराबाळांसह चढत होते, त्यांना वेळ लागत होता. मैत्रीण सवयीने बोटांवर काहीतरी मोजू लागली. मग तिने खाली दिव्यांकडे पाहिले आणि मोजणे सोडून दिले.