दवाखान्याची दाद कोणाकडे?

मागच्या बैठकीत विड्या वळणाऱ्या एका बाईने विचारले, "ताई, सुनेचे दिवस भरत आले. दवाखान्यात संध्याकाळी बाई डॉक्टर नसते, हे सांगावं कोनाले?" समाजकार्याची पदवी गाठीशी असूनही मला चटकन उत्तर देता आले नाही. कामठीत हद्द ओलांडली की मालक बदलतो. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याचे आणि 1821 पासूनच्या छावणीत कारभार कँटोन्मेंट बोर्डाचा, म्हणजे पर्यायाने संरक्षण खात्याचा.

छावणीपुरते बोलू. 1924 चा कायदा जाऊन 2006 चा आला. रुग्णालये, दवाखाने, प्रसूती व बालकल्याण केंद्रे चालवणे किंवा त्यांना मदत करणे हे त्यात बोर्डाचे कर्तव्य आहे. निवडून द्यायच्या एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. अध्यक्ष लष्करी अधिकारीच, तरी निदान दार ठोठावायला आपली एखादी बाई आत असणार होती. पण फेब्रुवारी 2021 मध्ये देशभरातल्या निवडून आलेल्या सदस्यांची मुदत संपली. अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेला एक नागरिक, असे तिघांचे बोर्ड आले. 2023 मध्ये निवडणूक जाहीर झाली नि महिन्याभरात रद्दही झाली. एका नागरिकात एक तृतीयांश बाई कशी बसवायची, ते कोणी सांगावे!

आता छावण्यांतील नागरी वस्त्या शेजारच्या नगरपालिकांत विलीन करण्याचे केंद्राचे धोरण आहे. हिमाचलातल्या योलचा छावणीचा दर्जा 2023 मध्ये गेलाही. अनेकांना ही सुटका वाटते. नगर परिषदेत निम्म्या जागा बायकांच्या, हे खरेच. पण दवाखाना राज्याच्या आरोग्य खात्याकडे सोपवला, तर त्या निम्म्या नगरसेविकांना तिथे कोण विचारणार? रुग्ण कल्याण समित्या 2005 नंतर आल्या, पण त्यांत वस्तीतली बाई निवडून जात नाही. मी ऐकते ती चर्चा तर फक्त घरपट्टीची आणि जागेच्या लीजची.

म्हणून कामठीच्या विलीनीकरणाची वेळ येईल तेव्हा आदेशातच लिहून घ्या: दवाखान्याच्या समितीत निम्म्या बायका, त्यांत तिथे बाळंत झालेली वस्तीतली एक तरी, दर तीन महिन्यांनी उघडी बैठक, हिशेब मराठी, हिंदी आणि उर्दूत वाचून दाखवायचा. आमच्या निवेदनावर सह्या आणि अंगठे घेणे सुरू आहे.