हनुग्रह : आधी तोंड तपासावे

हनुशूलाचा रुग्ण आला की तैलाभ्यंग व स्वेदन सांगून आपण मोकळे होतो. वाग्भटांनी अतिजिह्वालेखन, शुष्कभक्षण व अभिघात ही कारणे दिली. उघड्या अडकलेल्या हनूस स्वेदनानंतर अंगठ्यांनी दाबून हनुवटी उचलण्याची चरकोक्त क्रिया आजही उपयुक्त आहे. परंतु सातारा-सांगलीकडे तोंड न उघडणारा तरुण पुष्कळदा सुपारी-गुटखा खाणारा असतो. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी झाली, तरी सवय सुटलेली नाही. अशा रुग्णाच्या गालाची आतील त्वचा ताठर होते व पुढे कर्करोगही संभवतो. म्हणून रुग्णाची स्वतःची तीन बोटे तोंडात उभी जातात काय, हे प्रथम पाहावे. न गेल्यास सुपारी सोडवून त्यास दंतवैद्यकतज्ज्ञाकडे पाठवावे. यात आयुर्वेदास कमीपणा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.