मुखेडातला समुद्र

मुखेडात समुद्र? हो, आहे. भाच्याच्या बैठकीत, दोनशे लिटरचा! आरओच्या पाण्यात समुद्री मीठ कालवून केलेला. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाला (१९५१) निदान शेजारी अरबी समुद्र होता...

मे महिन्यात त्याचा फोन. "मामा, मीठ टाकतोय तरी हायड्रोमीटर कमीच दाखवतोय. झिंगा मेला."

खातरजमा म्हणून त्यानं आरओवाल्याचा टीडीएस पेन बुडवून पाहिला होता. असे पेन बहुधा दहा हजारांच्या आतच संपतात. समुद्राच्या पाण्यात किलोला ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे पस्तीस हजार! तो बिचारा काय सांगणार?

गडबड उन्हाळ्याची होती. पाणी तापलं की हलकं होतं, हायड्रोमीटर जास्त बुडतो, आकडा कमी येतो. त्यात पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. टाकी खारट होत होती, यंत्र अळणी म्हणत होतं, आणि आमचे चिरंजीव मीठ ओतत होते.

माझं मत विचाराल तर माशांच्या आधी रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारा. दोन थेंब पुरतात. पण डिस्टिल्ड पाण्यावर शून्य लावून भागत नाही. बरेचसे साध्या मिठासाठी आखलेले असतात, समुद्राच्या पाण्याला हजारी दीडेकनं जास्त दाखवतात. ३५चं तयार द्रावण मिळतं, त्यावर जुळवावा.

"मामा, तेवढ्यात अजून दोन मासे आले असते की हो!"

शेवटी घेतला. आकडा आला ३९. सध्या रोज थोडं खारं पाणी काढून आरओचं घालणं चाललंय. झिंगा इतक्यात आणायचा नाही, असं बहिणीनं बजावलंय.