अपूर्णांकाची तुटलेली पायरी

गणित किंवा विज्ञान या विषयांत पस्तीसऐवजी किमान वीस गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास, यापुढे हे विषय घेता येणार नाहीत असा शेरा देऊन, अकरावीत जाऊ द्यावे, असा प्रस्ताव २०२४ साली राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात पुढे आला. त्यावर बरीच चर्चा झाली. परंतु ती गुणांची झाली, गणिताची नव्हे. नापासाच्या शिक्क्यामुळे मुले शिक्षणाबाहेर फेकली जाऊ नयेत, हा हेतू रास्तच आहे. तथापि ज्या उणिवेवर ही सवलत पांघरूण घालते, ती दहावीत उत्पन्न झालेली नसते.

'असर'च्या २०२४ मधील देशव्यापी पाहणीत तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येने भागणे ग्रामीण भागातील पाचवीच्या ३०.७ टक्के, तर आठवीच्या ४५.८ टक्के मुलांनाच जमले. अपूर्णांक हा भागाकाराचाच पुढचा टप्पा. भागाकार कच्चा राहिलेला विद्यार्थी एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश अशी लिहितो. अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातल्यावर ती अर्धीहून कमी कशी होईल, ही शंका त्यास येत नाही. कारण चिन्हांमागील परिमाण त्याच्या डोळ्यांसमोर नसते.

पुढचे सारे गणित याच पायरीवर उभे आहे. गुणोत्तर, शेकडेवारी, रेषेचा चढ आणि अखेरीस विकलन ही अपूर्णांकाचीच क्रमाने प्रगल्भ होत गेलेली रूपे होत. संख्या ३ वरून ३.१ झाली, तर तिचा वर्ग ९ वरून ९.६१ होतो, वाढीचे गुणोत्तर ६.१. संख्या ३.०१ झाली, तर ते ६.०१. अंतर जसजसे लहान करावे, तसतसे गुणोत्तर ६ कडे झुकते. विकलनाचे मर्म एवढेच आहे. ज्यास गुणोत्तर उमगले नाही, त्यास बारावीत सूत्रे पाठ करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

याची किंमत परीक्षेपुरती मर्यादित नाही. महागाईचा दर ६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला म्हणजे स्वस्ताई झाली, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः शंभर रुपयांची वस्तू पहिल्या वर्षी १०६ आणि दुसऱ्या वर्षी ११०.२४ रुपयांची होते. मंदावतो तो चढण्याचा वेग. तसेच कर्जाचे. १२,००० रुपयांवर वर्षाचे १२ टक्के व्याज सरसकट आकारून १,१२० रुपयांचे बारा मासिक हप्ते बांधले, तर खरा वार्षिक दर सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. कारण मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज मात्र मूळ रकमेवरच लागलेले असते. हे न ओळखणारा नागरिक बाजारात फसतो आणि मतदानाच्या वेळी आकड्यांनी भुलतो.

एकेकाळी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी मुलांच्या जिभेवर असत. त्या घोकंपट्टीकडे परत जावे असे कोणी म्हणणार नाही. दशमान पद्धतीने व्यवहार सोपा केला, हेही खरे. परंतु बाजारातून हद्दपार झालेला पाव-पाऊण शाळेने तरी संख्यारेषेवर, मापावर, वाटणीवर पुन्हा अर्थपूर्ण करावयास हवा होता. त्याची वेळ पाचवी ते सातवी ही आहे. जादा तासिका, कच्च्या मुलांची वेळीच पारख आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांवरील खर्च तेथेच झाला पाहिजे. दहावीच्या उंबरठ्यावर दिलेली सूट विद्यार्थ्यास पुढच्या वर्गात नेईल; पुढच्या गणितापर्यंत नेणार नाही.